फोटोच्या पाठीवरचं नाव

प्रश्न असा आहे. शिकागोजवळच्या अरोरात राहणारे एक वाचक गेली तीन वर्षं दर शनिवारी कॅमेरा घेऊन पिल्सेन आणि लिटल व्हिलेजमध्ये फिरतात. भित्तिचित्रं, कणसांच्या गाड्या, मिरवणुका, दुकानांच्या पाट्या असे चार हजारांवर फोटो त्यांच्याकडे जमलेत. आता या लॅटिनो वस्त्यांच्या संस्कृतीचं आणि इतिहासाचं नीट दस्तऐवजीकरण करावं असं त्यांच्या मनात आहे. ते विचारतात, "मी मराठी, स्पॅनिश जेमतेम, वस्तीत कुणी ओळखीचं नाही. मला हे करायचा अधिकार आहे का? आणि सुरुवात कुठून करू?"

मी याच दोन वस्त्यांत बावीस वर्षं फोटो काढते आहे. त्यातली गेली चौदा वर्षं लोकांच्या घरातले जुने फोटो स्कॅन करून त्यांची नोंद ठेवण्याचं कामही करते. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी तुमच्या चार हजार फोटोंबद्दल. त्यात जी माणसं दिसतात, त्यांतल्या किती जणांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत? हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा माझं उत्तर 'एकही नाही' असं होतं, म्हणून तुम्हालाही विचारते. २००४ पासून सलग तीन गुड फ्रायडे मी पिल्सेनच्या अठराव्या रस्त्यावर घालवले. तिथे व्हिया क्रुसिस होतो. वस्तीतलीच माणसं येशूचा शेवटचा प्रवास करून दाखवतात. खांद्यावर खराखुरा जड क्रूस, रोमन शिपाई, रडणाऱ्या बायका, आणि हजारो लोक हॅरिसन पार्कपर्यंत मागून चालतात. फोटोग्राफरला आणखी काय हवं? तिसऱ्या वर्षी एका छोट्या वाचनालयात माझं प्रदर्शन लागलं. एक आजी क्रूस घेतलेल्या तरुणाच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "हा माझ्या बहिणीचा नातू. जानेवारीपासून तयारी करत होता. त्याचं नाव कुठे आहे?" फोटोओळीत मी लिहिलं होतं, 'गुड फ्रायडे, पिल्सेन'. मग त्यांनी मला बाकावर बसवून ही मिरवणूक कशी सुरू झाली ते सांगितलं. १९७६ च्या नाताळात वस्तीतल्या एका घराला आग लागली. मुलं आणि त्यांच्या आया आत अडकल्या. लोक स्पॅनिशमध्ये ओरडून सांगत होते आणि बंबवाल्यांना ते कळत नव्हतं. त्या दुःखातून १९७७ साली हा व्हिया क्रुसिस रस्त्यावर आला. तीन वर्षं मी ज्याचे फोटो काढत होते, ते कशाबद्दल आहे हेच मला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून आहे आणि या उत्तरातलं बाकी सगळं तिच्यातूनच येतं. ज्या फोटोतल्या माणसाचं नाव नोंदलेलं नाही आणि ज्याची प्रत त्या माणसाच्या घरी पोहोचलेली नाही, तो समाजाच्या इतिहासाचा कागद झालेला नाही. तो अजून तुमचा छंद आहे. छंद वाईट नाही, पण तुम्ही विचारताय ते दुसऱ्या कामाबद्दल.

आता अधिकाराबद्दल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आकितो त्सुदा नावाचा एक जपानी विद्यार्थी शिकागोच्या कोलंबिया कॉलेजात फोटोग्राफी शिकत होता. तो पिल्सेनमध्ये फिरायचा. दारात बसलेली कुटुंबं, सायकलवरची पोरं, न्हाव्याचं दुकान असे कृष्णधवल फोटो काढायचा. मग तो जपानला परत गेला. जवळपास पाव शतकानंतर त्याने ते फोटो इंटरनेटवर टाकले आणि पिल्सेनमध्ये एकच गडबड उडाली. हा माझा भाऊ, हे आमचं जुनं घर, ही आई, आता ती नाही! लोकांनी एकमेकांना फोटो पाठवले, नावं लिहिली, पत्ते लिहिले. त्याचं प्रदर्शन वस्तीत झालं. तो ना मेक्सिकन होता ना अमेरिकन. म्हणजे बाहेरच्याने हे काम करू नये असं वस्ती म्हणत नाही. पण पुढचंही लक्षात घ्या. फोटो वस्तीत परत आले आणि लोकांनी त्यांना नावं जोडली, तेव्हा कुठे त्यांचं सोनं झालं. मधली पंचवीस वर्षं ते नुसतेच फोटो होते. तुम्ही पंचवीस वर्षं थांबू नका. फोटोतली आजी तोवर राहणार नाही.

मराठी माणसाचा इथे काय संबंध, असं वाटत असेल तर एक जुनी गोष्ट सांगते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, १९२० च्या दशकात मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते. मक्याच्या नव्या जाती तयार करत होते, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढत होते. त्यांचे आणि त्यांच्या मक्याचे फोटो काढले ते तिना मोदोत्ती या मूळच्या इटालियन बाईने. मेक्सिकोत दोघंही परकेच. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरांच्या एका भित्तिचित्रातही खानखोजे आहेत. वर्ध्याच्या एका माणसाचं मेक्सिकोतलं आयुष्य आज आपण डोळ्यांनी पाहू शकतो ते कुणा परक्या बाईने तिथे कॅमेरा उचलला म्हणून. तेव्हा अधिकाराची चिंता सोडा. नीट काम करण्याची चिंता करा.

सुरुवात 'लॅटिनो' या शब्दापासूनच करा, म्हणजे तो शब्द बाजूला ठेवून. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःची नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो अशी केली. एवढ्या लोकांची एक संस्कृती नसते. पिल्सेन आणि लिटल व्हिलेजमध्ये बहुतेक घरं मेक्सिकन आहेत. शिकागोतल्याच हम्बोल्ट पार्कला डिव्हिजन स्ट्रीटवर पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाचे दोन प्रचंड पोलादी झेंडे १९९५ पासून उभे आहेत आणि तिथले लोक १९१७ च्या कायद्यापासून जन्माने अमेरिकन नागरिक आहेत. त्यांचा आणि मेक्सिकन शेजाऱ्याचा इतिहास, जेवण, संगीत, कागदपत्रांची स्थिती, सगळं वेगळं. शिवाय 'मेक्सिकन' म्हणजे तरी काय? माणूस मिचोआकानचा आहे की दुरांगोचा की गेरेरोचा, म्हणजे मेक्सिकोच्या कुठल्या राज्यातला, हे त्याला स्वतःला महत्त्वाचं असतं. एकेका गावाच्या लोकांनी इथे आपापली मंडळं काढलीत. ती वर्गणी काढून गावाकडच्या शाळेला, चर्चला, रस्त्याला पैसे पाठवतात. गिरगाव-लालबागच्या खोल्यांत कोकणातल्या गावांची मंडळं चालायची, अगदी तसंच. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, 'दे दोंदे एस सु फामीलिया?', म्हणजे 'तुमचं गाव कुठलं?' आपल्याकडे जसा हा प्रश्न विचारला की माणूस सैलावतो तसाच तिथेही सैलावतो.

स्पॅनिश जेमतेम आहे म्हणता, तर ती वाढवा. याला पळवाट नाही. एक गंमत मात्र तुम्हाला मदत करेल. स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणजे तूच, उच्चारही तोच, आणि आपल्या 'तुम्ही'च्या जागी 'उस्तेद'. वडीलधाऱ्यांशी पहिल्या भेटीत उस्तेदच वापरा. नावाआधी आदराने पुरुषाला 'दोन' आणि बाईला 'दोन्या' लावा. अमेरिकन इंग्रजीत वाढलेल्या फोटोग्राफरांकडून इथेच चूक होते. आपल्याला ही सवय घरातूनच असते, तिचा उपयोग करा.

पिल्सेन हे नावच मुळात चेक आहे. चेक कामगारांनी बोहेमियातल्या शहराच्या नावावरून ते ठेवलं. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाचा नवा परिसर उभारण्यासाठी शेजारची वस्ती पाडली गेली. १९६५ साली तो परिसर उघडला आणि तिथली मेक्सिकन कुटुंबं दक्षिणेला सरकून पिल्सेनमध्ये आली. म्हणजे तुम्ही ज्या घरांचे फोटो काढताय, त्यातले काही लोक एकदा उठवले गेलेले आहेत आणि आता भाडी वाढल्यामुळे त्यांची नातवंडं पुन्हा उठतायत. भित्तिचित्रांकडे या नजरेने बघा. कासा अस्तलान या वस्तीतल्या समाजकेंद्राच्या इमारतीवरची चित्रं चार दशकं पिल्सेनची ओळख होती. २०१७ साली नव्या मालकाने त्यांवर रंग फासला. लोक संतापले, पुढे मूळ चित्रकाराच्या हातून तिथे नवं चित्र झालं, पण जुनं गेलं ते गेलंच. त्यानंतर माझ्याकडे लोक विचारत आले की जुन्या चित्राचे फोटो आहेत का. होते. पण सगळे तुकड्यांचे, चेहरा, हात, एखादा रंगाचा सुंदर कोपरा. अख्खी भिंत समोरून, खिडक्या-दारांसकट, तारखेसह, असा एकच फोटो निघाला आणि तोच कामाला आला. तेव्हा सुंदर फोटो जरूर काढा, पण त्याआधी अख्ख्या भिंतीचा एक सरळ, साधा, कंटाळवाणा फोटो काढून ठेवा.

आता रस्त्यावरून घरात या. खरा खजिना तिथे आहे. रस्त्यावर वस्ती जगाला दाखवायचं ते दाखवते. बैठकीच्या भिंतीवर ती स्वतःला दाखवते. लुई कार्लोस बर्नाल हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यांचं काम आधी बघा. ॲरिझोनातल्या डग्लस या सीमेवरच्या गावात १९४१ साली त्यांचा जन्म झाला. टूसॉनच्या पिमा कम्युनिटी कॉलेजात ते शिकवत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी नैऋत्य अमेरिकेतल्या मेक्सिकन घरांचे जे रंगीत फोटो काढले, ते बघताना प्रत्येक वेळी मी नव्याने शिकते. लोक आपापल्या खोलीत, आपल्या वस्तूंमध्ये, आपल्याला हवं तसं उभे आहेत. भिंतीवर संत, टीव्हीवर लग्नाचा फोटो, क्रोशाचे रुमाल, आरसा. गरिबीची कीव नाही की नक्षीचं कौतुक नाही. माणसं फोटोग्राफरकडे जशी बघतात त्यावरून कळतं की तो आधी येऊन बसला होता, काहीतरी खाऊन-पिऊन झालं होतं, मग कॅमेरा निघाला. १९८९ साली सायकलवरून जाताना मोटारीने त्यांना धडक दिली, ते शुद्धीवर आलेच नाहीत, १९९३ साली गेले. त्यांचा संग्रह आज ॲरिझोना विद्यापीठाच्या छायाचित्र केंद्रात आहे.

घरात गेलात की भिंतीवरचे फोटो हेच तुमचं संभाषण. एक फरक मात्र लक्षात असू द्या. आपल्याकडे फोटोला हार म्हणजे माणूस गेलेला. तिथे तसं नाही. किन्सेआन्येरा म्हणजे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा मोठा सोहळा, त्या फोटोभोवती कागदी फुलांची माळ असते आणि ती मुलगी स्वयंपाकघरात बसून आपल्याशी बोलत असते. काही घरांत तुम्हाला फोतोएस्कुल्तुरा दिसेल. फोटो लाकडावर चिकटवून, कोरून, रंगवून बनवलेली छोटी अर्धमूर्ती. फिरते विक्रेते दारोदार जाऊन फोटो घेत आणि मेक्सिको सिटीतल्या कारागिरांकडून ती करवून आणत. ऐंशीच्या दशकापर्यंत ही कला संपत आली. अशी वस्तू दिसली तर ती चारी बाजूंनी टिपा आणि कुणाची, कधी बनवली, किती पैसे दिले, विक्रेता कोण होता, सगळं विचारा.

किन्सेआन्येराचा विषय निघालाय तर एक सांगायलाच हवं. या सोहळ्याचा खर्च एकट्या आईबापांवर पडत नाही. केक कुणी एक काका देतो, मुकुट आत्या देते, बूट शेजारीण देते. देणाऱ्याला पाद्रिनो म्हणतात, देणारीला माद्रिना, आणि ते नातं जन्मभर टिकतं. या कामाच्या सहाव्या वर्षी मला एका घराने विचारलं, 'माद्रिना दे फोतोस' होणार का? म्हणजे फोटोंची जबाबदारी माझी आणि त्या मुलीशी नातंही माझं. मी हो म्हटलं. आज तिला दोन मुलं आहेत आणि त्यांचे बाप्तिस्म्याचे फोटोही मीच काढलेत. वस्तीत माझी सगळ्यात मोठी ओळख हीच आहे. प्रदर्शनं, पुरस्कार कुणाला आठवत नाहीत. तुम्हाला असं कुणी विचारलं तर ते पाहुणेपण संपल्याचं लक्षण समजा आणि नाही म्हणू नका.

नावं कशी नोंदवायची ते सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक संग्रह मार खातात. स्पॅनिश रिवाजात माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. लग्नानंतर बाईचं आडनाव कायद्याने बदलत नाही. अमेरिकन कागदपत्रांत दुसरं आडनाव गळून पडतं आणि त्याबरोबर आईकडचं अख्खं घराणं गळून पडतं. म्हणून फोटोओळीत दोन्ही लिहा. घरातलं टोपणनाव लिहा, कारण वस्तीत माणूस त्याच नावाने सापडतो. मग गाव, मग ठिकाण, मग तारीख, निदान वर्ष, आणि ही माहिती तुम्हाला कुणी दिली त्याचं नाव. माझ्या आजीचं माहेरचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. लग्नात तिचं पहिलं नावही बदललं आणि तिच्या एकमेव तरुणपणीच्या फोटोच्या पाठीवर फक्त स्टुडिओचा शिक्का आहे. बहुधा त्यामुळेच मी या बाबतीत इतकी हट्टी आहे.

ही माहिती वहीत ठेवू नका. फोटोच्या फाइलमध्येच फोटोओळीसाठी रकाना असतो, ती त्यातच भरा, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी नाव बरोबर जाईल. जुने फोटो स्कॅन करताना पुढची बाजू जितकी महत्त्वाची तितकीच पाठ. 'आईस, प्रेमाने, १९५७' अशी एक ओळ, स्टुडिओचा शिक्का, टपालाचा डाग, सगळं स्कॅन करा. छापील फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), टिफ स्वरूपात. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह असेल तर निदान ३००० ला. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो. डेंटल फ्लॉस फोटोखालून हळूहळू करवतीसारखा फिरवा. सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा. ओला कपडा लावू नका. आणि फोटो घरी घेऊन जाऊ नका, कधीच नाही. यंत्र त्यांच्या घरी न्या. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक वाचनालयाने नव्वदच्या दशकात शहरातल्या वेगवेगळ्या समाजांच्या घरगुती फोटोंचा मोठा संग्रह असाच उभा केला. ठरलेल्या दिवशी लोकांनी अल्बम घेऊन यायचं, तिथल्या तिथे प्रत काढायची आणि मूळ फोटो लगेच परत. आम्हीही महिन्यातला एक शनिवार चर्चच्या तळघरात तेच करतो. सकाळी पहिल्या तासात कुणी येत नाही. मग एक बाई बिस्किटांच्या डब्यात फोटो घेऊन येते, आणि दुपारपर्यंत टेबलाभोवती सात-आठ जण एकमेकांच्या फोटोंत आपली माणसं शोधत असतात. रेकॉर्डर तेव्हा चालू हवा. अर्थात सगळ्यांना विचारून.

मुलाखतीबद्दल फार सांगत नाही. फोटो समोर ठेवा आणि गप्प बसा. फ्रँक एस्पादांचं उदाहरण मात्र बघण्यासारखं आहे. पोर्तो रिकोतल्या उतुआदोत १९३० साली जन्मलेला हा माणूस आधी नागरी हक्कांचा कार्यकर्ता होता. १९४९ साली मिसिसिपीत बसच्या मागच्या बाजूला बसायला नकार दिला म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं होतं. १९७९ ते १९८१ या काळात सरकारी अनुदानावर ते अमेरिकाभरच्या पोर्तोरिकन वस्त्यांत फिरले, एकूण ३४ ठिकाणी. थेट हवाईपर्यंत गेले, कारण १८९९ च्या चक्रीवादळानंतर सुमारे ५ हजार पोर्तोरिकन माणसं उसाच्या मळ्यांवर राबायला तिकडे नेली गेली होती. फोटोंबरोबर त्यांनी शंभराहून अधिक मुलाखती टेप केल्या. आज ड्यूक विद्यापीठात फोटोतला चेहरा आणि त्याचा आवाज एकाच संग्रहात आहेत. एवढ्या थोड्या वेळात लोक त्यांच्याशी बोलले, कारण वीस वर्षं ते लोकांसाठी लढले होते. ती शिदोरी तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नव्हती. आपल्याला तिच्या बदल्यात वेळ द्यावा लागतो.

नाव नसलं तर काय होतं याचं दुसरं टोकही बघा. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकन शेतमजुरांना कंत्राटावर अमेरिकेत आणलं जात होतं. एकूण ४६ लाखांच्या आसपास कंत्राटं झाली. १९५६ साली लेनर्ड नाडेल यांनी त्यांचे फोटो काढले. टेक्सासातल्या हिदाल्गोच्या केंद्रावर रांगेत उभ्या केलेल्या मजुराच्या तोंडावर डीडीटी फवारताहेत, असा त्यातला एक फोटो आहे. तो फोटो पाहिल्यावर त्या योजनेबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. नाडेलनी मजुरांची बाजू घेऊनच तो काढला. पण ज्याच्या तोंडावर फवारा मारलाय तो आपल्यासाठी 'एक ब्रासेरो' आहे. पन्नास वर्षांनी स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेने काही विद्यापीठांबरोबर मिळून त्या मजुरांच्या मुलाखती गोळा केल्या, तेव्हा कुठे त्या रांगेतल्या लोकांना स्वतःच्या तोंडून बोलता आलं.

फोटो पुरावाही असतो, हे या समाजाने लवकर ओळखलं. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये १९६७ साली एका चर्चच्या तळघरातून 'ला रासा' हे नियतकालिक सुरू झालं. त्याच्या तरुण फोटोग्राफरांनी दहा वर्षांत सुमारे २५ हजार फोटो काढले. आज ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, अभ्यास केंद्रात आहेत. २९ ऑगस्ट १९७० ला व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चाच्या दिवशी पत्रकार रुबेन सालासार सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये अश्रुधुराच्या नळकांड्याने मारले गेले. बारच्या दारात बंदूक रोखून उभ्या असलेल्या शिपायाचा फोटो राउल रुईस यांच्याकडे होता. मोठ्या वृत्तपत्राचा एकही कॅमेरा त्या दारासमोर नव्हता. वस्तीतला होता.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. २०२५ च्या सप्टेंबरपासून शिकागोत स्थलांतर खात्याच्या मोठ्या धाडी पडल्या. लिटल व्हिलेज आणि पिल्सेनमध्ये लोक गळ्यात शिट्ट्या घालून फिरायचे, खात्याची गाडी दिसली की एकमेकांना इशारा द्यायला. तुम्ही त्या महिन्यांत तिथे फोटो काढले असतील. ते आज पुन्हा तपासा. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चेहरे, घराचे क्रमांक, गाड्यांच्या पाट्या, मुलांच्या शाळेचे गणवेश दिसतात का? फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले गेलेत का? जगाला दाखवायच्या प्रतीतून ते काढून टाका. कुणाचेही ताजे फोटो त्याच दिवशी कुठेही टाकू नका. वर्दीतल्या माणसांनी भर रस्त्यात काय केलं त्याची नोंद व्हायलाच हवी, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे, पण त्या चौकटीत सापडलेला शेजारी वाचवणं तुमच्या हातात असतं. मुलाखतीत अमेरिकेत राहण्याच्या कागदपत्रांचा प्रश्न विचारूच नका. कुणी आपणहून बोलू लागलं तर रेकॉर्डर बंद करा. जी टेपच नाही ती उद्या कोर्ट मागू शकत नाही. आणि २०१५ साली दिलेला होकार २०२५ साली होकार राहत नाही. त्या हिवाळ्यात मी जुन्या संग्रहातल्या एकेका कुटुंबाला पुन्हा फोन केला. बऱ्याच जणांनी फोटो तात्पुरते खाली घ्यायला सांगितलं, मी घेतले. एका गृहस्थांनी उलट सांगितलं, "ठेव. आम्ही इथे होतो हे दिसू दे." दोन्ही उत्तरं त्यांचीच.

वर मी नावं लिहा म्हणाले आणि इथे चेहरे झाका म्हणतेय, यात विरोध नाही. नाव नोंदवणं आणि नाव जाहीर करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सगळी माहिती तुमच्या मूळ प्रतीत राहू दे, कुलपात. जाहीर काय करायचं आणि कधी, ते कुटुंब ठरवेल. संमतीचा कागद स्पॅनिशमध्ये, एका पानाचा, वाचून दाखवता येईल असा करा. त्यात फोटोचा हक्क घराकडेच राहतो आणि संग्रहाला फक्त जपण्याची, ठरलेल्या मर्यादेत दाखवण्याची परवानगी आहे, असं स्पष्ट हवं. हा संग्रह तुमच्या हार्ड डिस्कवर मरू नये म्हणून एखाद्या विद्यापीठाशी किंवा सार्वजनिक वाचनालयाशी वेळेवर बोला. पण आधी विचारा की वस्तीतल्या माणसाला तिथे ओळखपत्राशिवाय, फी न देता, स्पॅनिशमध्ये मदत मिळून हे फोटो बघता येतील का? उत्तर नाही असेल तर दुसरी जागा शोधा. नाव कितीही मोठं असो.

आणि फोटो परत द्या. हिराम मारिस्तानी न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेममध्ये वाढले आणि यंग लॉर्ड्स या पोर्तोरिकन तरुणांच्या संघटनेचे ते फोटोग्राफर होते. १९६९ च्या उन्हाळ्यात महापालिका कचरा उचलत नव्हती म्हणून या मुलांनी स्वतः रस्ते झाडले आणि तो कचरा हमरस्त्यावर आडवा टाकला. मारिस्तानींचे फोटो नसते तर ते आज कुणाला दिसलंही नसतं. २०१९ साली, पन्नास वर्षांनी, ते फोटो प्रचंड मोठे करून त्याच वस्तीत, त्याच घटनांच्या जागी उघड्यावर लावले गेले. मारिस्तानी ते बघायला हयात होते, २०२२ साली ते गेले. एवढं मोठं काम आपल्याकडून होणार नाही. पण सहा बाय चारची छापील प्रत, पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहून, घरी नेऊन देणं होतं. फोनवर पाठवलेला फोटो मोजू नका.

तुमच्या चार हजारांतले पन्नास फोटो निवडा, ज्यांत चेहरे ओळखू येतात. छापून घ्या. पुढच्या शनिवारी कॅमेरा घरी ठेवा, ते पन्नास कागद घेऊन त्याच कोपऱ्यांवर जा आणि कणसांच्या गाडीवाल्याला, न्हाव्याला, चर्चच्या दारातल्या बायकांना दाखवत विचारा, हे कोण, कुठे भेटतील. पाच-सहा जण सापडले तरी पुष्कळ झालं. ज्यांच्या घरचं कुणी गेलं असेल त्यांची प्रत ऑक्टोबर संपायच्या आत पोहोचवा. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला मृतांसाठी ओफ्रेंदा, म्हणजे त्यांच्या आठवणीची वेदी, मांडतात, तिच्या मधोमध फोटो लागतो आणि भोवती सेम्पासुचिल, म्हणजे आपला झेंडू. तो मूळचा मेक्सिकोचाच. मांडणी दोन-तीन दिवस आधीच सुरू होते, म्हणून २८ तारखेच्या पुढे ढकलू नका.